साथीच्या यादीतलं नाव: पूर्ण लिहावं कसं आणि राखावं कसं

कृष्णाकाठच्या कुठल्याही मोठ्या गावात जाऊन ‘आनंदा पाटलांचं घर कुठलं?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस उलट तुम्हालाच विचारतो, ‘कुठला आनंदा? मळ्यातला, पेठेतला, का तात्यांचा?’ गावकऱ्याला जे लगेच सुचतं ते आमच्या नोंदवहीला सुचलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. यादीत ओळ होती: आनंदा पाटील, पुरुष, ५५. शौचाचा नमुना तपासणीला गेला, तिसऱ्या दिवशी कॉलऱ्याचा रिपोर्ट आला आणि आमची गाडी गावात शिरली ती थेट दुसऱ्याच आनंदा पाटलांच्या दारात. अंगणात उभं राहून नाव पुकारलं, रिपोर्ट सांगितला. नळावरून परतणाऱ्या बायका डोक्यावरच्या हंड्यांसकट थांबल्या. घरातली म्हातारी परत परत सांगत होती, ‘आमच्यात कुणाला काय झालेलं नाही ओ सायेब.’ खरा आनंदा गावापासून दोन किलोमीटरवर मळ्यातल्या वस्तीवर होता. आम्ही तिथं पोचेपर्यंत दिवस मावळला, आणि तोवर त्याच्या नातवालाही जुलाब सुरू झाले होते.

ती यादी तपासून मीच सही केली होती. आरोग्य सहाय्यक म्हणून पुढं जितकी वर्षं काम केलं, तितकी वर्षं ती ओळ डोक्यातून गेली नाही. आजारी माणसापर्यंत पोचायला ते नाव अपुरं होतं आणि नीट असलेल्या माणसाला गावात खाली बघायला लावायला ते पुरेसं होतं. आतल्या कागदावर नाव होता होईल तितकं पूर्ण हवं आणि बाहेर जाणाऱ्या कागदावर ते नकोच. ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी साधायची, ते आरोग्य सेवक, आशाताई, खासगी दवाखाने, लॅबवाले आणि ग्रामपंचायतीत काम करणारे यांच्यासाठी पायरीपायरीनं लिहितो.

पहिली पायरी: रुग्ण कोणाला म्हणायचं ते ठरवा

नाव लिहिण्याआधी कागदाच्या माथ्यावर दोन ओळींत व्याख्या लिहा. गॅस्ट्रोसाठी ती अशी असू शकते: ‘अमुक तारखेनंतर या गावात राहिलेली किंवा इथलं पाणी प्यायलेली, आणि २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झालेली कोणतीही व्यक्ती.’ व्याख्या नसली की पोट दुखलेला, नुसता ताप आलेला, शेजाऱ्यानं सांगितला म्हणून घेतलेला, असे सगळेच यादीत शिरतात. मग साथ आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांची नावंही कागदावर येऊन बसतात. नावापुढं संशयित, संभाव्य की खात्रीचा, हेही लिहा. रिपोर्ट आला की तेवढाच शब्द बदलायचा, ओळ तीच ठेवायची.

दुसरी पायरी: नाव असं लिहा की रात्रीसुद्धा घर सापडेल

खरी मेहनत इथं आहे, म्हणून इथं थांबतो.

आपल्याकडं गावंच्या गावं एका आडनावाची असतात. पाटील, जाधव, शिंदे, मोहिते, कदम. त्यातही आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळं नुसतं नाव-आडनाव म्हणजे अर्धवट नोंद. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव हे तिन्ही हवेतच. त्यापुढं हाकेचं नाव लिहा. कागदावर जी ‘शकुंतला’ असते, तिला अख्खी गल्ली ‘अक्काताई’ म्हणून ओळखते. शकुंतला कोण हे तिच्या जावेलाही क्षणभर आठवत नाही. मग घराची खूण: वाडी, वस्ती किंवा गल्ली, आणि दारातून दिसणारी एखादी न हलणारी गोष्ट. त्या दिवशी आमच्या वहीत ओळ हवी होती ती अशी: ‘पाटील आनंदा ज्ञानू, हाकेचं नाव अण्णा, पुरुष, जन्मवर्ष अंदाजे अमुक, मळा वस्ती, पाणंदीच्या डाव्या हाताला दुसरं घर, फोन मुलाचा, मुलगा मुंबईला.’ लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

वय लिहिताना जन्मवर्ष विचारा. ‘पंचावन्न-साठ’ हे उत्तर प्रत्येक भेटीत बदलतं, जन्मवर्ष सहसा बदलत नाही. अगदीच आठवत नसेल तर मोठ्या घटनेशी जोडून विचारा. आमच्या भागातली जुनी माणसं कोयनेच्या भूकंपावरून वय सांगतात. ‘भूकंपाच्या वक्ताला मी दुसरीत होतो’ म्हटलं की १९६७ वरून हिशेब लागतो.

बायकांच्या नोंदी सर्वांत जास्त घोळाच्या. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर अजून माहेरचं, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली असेल तर गावही तिसरंच. दोन्ही नावं एकाच ओळीत घ्या, नाहीतर महिन्याभरानं एकीच्या दोघी होतात. बारसं न झालेल्या बाळाला ‘बाळ’ एवढंच लिहू नका. आईचं पूर्ण नाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख. जुळं असेल तर पहिलं-दुसरं.

इंग्रजी स्पेलिंगचा त्रास वेगळाच. साळुंखे, साळुंके, साळोखे ही आडनावं ऐकायला जवळची, आणि त्यातलं प्रत्येक इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. आधी देवनागरीत, माणसाच्या हातातला कागद बघून लिहा. संगणकावर भरायचं इंग्रजी स्पेलिंगही त्याच कागदावरून उतरवा, मनानं करू नका. नमुन्याच्या बाटलीवर, सोबतच्या फॉर्मवर आणि वहीत ते अक्षर न अक्षर सारखं हवं. प्रयोगशाळेत बाटली आणि फॉर्म जुळले नाहीत तर नमुना परत येतो, आणि चुकीचे जुळले तर रिपोर्ट भलत्याच्याच नावावर निघतो. दुसरं जास्त वाईट.

मग पत्ता. आपले सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे बाहेर राहणाऱ्या माणसांचे आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पसरली आहेत आणि यात्रेला, लग्नाला गावी येतात. पाटण, जावळीकडं घरटी कुणी ना कुणी मुंबईत, बरेच माथाडी कामात. म्हणून पत्त्याचे दोन रकाने ठेवा: कायमचा पत्ता आणि आजारी पडण्याआधीच्या दोन आठवड्यांत खरोखर कुठं राहिला तो पत्ता. साथीचं मूळ शोधायला दुसराच कामाला येतो. ऊसतोडीच्या टोळ्यांना गावात घर नसतं, गट नंबर नसतो; तिथं फडाची जागा, मुकादमाचं नाव आणि फोन, मूळ गाव आणि तालुका लिहा. टोळी रात्रीत पुढच्या फडावर हलते. ‘ऊसतोड कामगार, कोपीत राहतो’ एवढ्याच नोंदीवरून आजवर कुणाला दुसरा डोस मिळालेला मी पाहिला नाही.

काय लिहू नये, तेही तितकंच मोलाचं. आधार क्रमांक साथीच्या यादीत लागत नाही. जात, धर्म लागत नाही. एखादा रकाना ठेवायचा की नाही, याची माझी कसोटी एकच: या रकान्यामुळं उद्या सकाळी माझं काम बदलणार आहे का? काविळीच्या साथीत गरोदर आहे का, हा रकाना हवाच. हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, तिला आधी गाठायला हवं. तोच रकाना डेंगीच्या डास-सर्वेक्षणाच्या घरयादीत काही कामाचा नाही. एचआयव्हीबद्दल कळलेली माहिती तर साथीच्या कुठल्याच यादीत लिहायची नाही.

तिसरी पायरी: प्रत्येकाला एक क्रमांक द्या

ज्या क्षणी नाव लिहिता, त्याच क्षणी क्रमांक द्या. नंतर देऊ म्हटलं की राहून जातं. गावाचा संकेतांक, वर्ष आणि अनुक्रम पुरतो. आद्याक्षरं आणि जन्मतारीख जोडून क्रमांक करायचा मोह होतो, तो टाळा. तीनशे उंबऱ्यांच्या गावात तो क्रमांक बघून कोण हे कुणीही सांगेल. एकदा दिलेला क्रमांक, नोंद रद्द झाली तरी, दुसऱ्याला द्यायचा नाही.

नमुन्याच्या बाटलीवर मात्र नाव आणि क्रमांक दोन्ही हवेत. नाव झाकायच्या नादात नुसता क्रमांक टाकला आणि एक आकडा पुसला गेला, की माणूसच हरवतो. बाटली बंद डब्यात जाते, ती चव्हाट्यावर जात नाही. तिथं झाकायचं काही कारण नाही.

चौथी पायरी: एका यादीच्या दोन याद्या करा

पहिली किल्लीची यादी. तिच्यात क्रमांक, पूर्ण नाव, हाकेचं नाव, फोन, घराची खूण. ही एकाच वहीत, एका माणसाच्या ताब्यात, कपाटात.

दुसरी कामाची यादी. तिच्यात क्रमांक, वयोगट, स्त्री-पुरुष, वाडी किंवा पाण्याची टाकी, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, लक्षणं, नमुना घेतल्याची तारीख, रिपोर्ट, कुठं भरती, पुढं काय झालं. बैठकीत फिरेल, भिंतीवर लागेल, वरिष्ठांना जाईल ती ही. पाणी कुठल्या टाकीचं पितो, शेवटच्या चार दिवसांत कुठल्या जेवणावळीला गेला होता, असे रकाने साथीप्रमाणं वाढवा.

तारखेत एक फरक कटाक्षानं पाळा. दवाखान्यात आला ती तारीख वेगळी आणि पहिला जुलाब झाला ती वेगळी. आपल्या वहीत बहुतेक वेळा पहिलीच असते, कारण ती केसपेपरवर छापून येते. साथ कधी सुरू झाली आणि कुठल्या दिवशी पाणी बिघडलं, हे दुसऱ्या तारखेवरूनच उलगडतं.

कुणी म्हणेल, नाव इतकं झाकायचं तर मग लिहायचं कशाला, नुसते आकडे पुरेत. पुरत नाहीत. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यूनोंदणी कार्यालयातून त्या भागातल्या ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि ती घेऊन ते घरोघर फिरले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळचे निघाले. पण पुढं त्यांना पटवून देणारा पुरावा सापडला तो दूर हॅम्पस्टेडला वारलेल्या एका विधवा बाईंचा. त्या भागात दुसरा कुणी आजारी नव्हता. मुलाकडं विचारल्यावर कळलं, आईला त्याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ते रोज गाडीनं तिच्यासाठी जायचं. नुसता ‘हॅम्पस्टेड: १’ असा आकडा हातात असता तर विचारणार कुणाला? नावानं घर सापडलं, घरानं पंप सापडला. सगळ्यांना सांगायचा होता तो पंप, आणि पाणी बंद करायला दांडा काढला गेला तोही पंपाचाच.

याच्या उलट न्यूयॉर्कमध्ये घडलं. मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते. १९०७ साली तिला शोधून काढलं. तिला दोन वेळा मिळून सुमारे २६ वर्षं वेगळं ठेवलं गेलं आणि तिचं नाव वर्तमानपत्रांतून आजारालाच चिकटलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ‘टायफॉइड मेरी’ ही शिवी म्हणून वापरतात.

पाचवी पायरी: कुणाच्या हातात काय द्यायचं

माझा नियम साधा आहे. ज्याला त्या माणसाच्या दारात जायचं आहे, त्याला नाव. बाकी सगळ्यांना आकडा, जागा आणि त्यांनी करायचं काम.

वरच्या यंत्रणेला नावासकट नोंद जाते आणि जायलाच हवी. रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला तेव्हा आठवड्याचे आकडे कागदावर जायचे: आरोग्य सेवकाचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी, प्रयोगशाळेचा एल. एप्रिल २०२१ पासून नव्या एकात्मिक पोर्टलवर रुग्णनिहाय नोंद होते. त्यामुळं कराडला भरती झालेला रुग्ण पाटणचा आहे, हे पाटणला वेळेत कळू शकतं. खासगी डॉक्टर आणि लॅबवाल्यांनी इथं मागं राहू नये. ‘पेशंटची माहिती गुप्त असते’ हे खरं, पण डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत कळवण्याजोग्या संसर्गजन्य आजारांची माहिती आरोग्य यंत्रणेला ताबडतोब द्यायला सांगितलं आहे. तुमच्याकडं मिरजेत कोल्हापूरचा, कर्नाटकातला रुग्ण येतो. तुम्ही कळवलं नाही तर त्याच्या गावातली साथ कुणालाच दिसत नाही. कळवायचं मात्र ठरलेल्या वाटेनं. गावच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे कळवणं नव्हे.

ग्रामपंचायतीला नाव लागत नाही, हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. सरपंच हक्कानं विचारतात, ‘आमच्याच गावचं माणूस, आम्हाला सांगायला काय हरकत?’ त्यांचा हेतू बरेचदा चांगलाच असतो. अशा वेळी त्यांना असं पत्र द्या: ‘खालच्या आळीच्या टाकीवरच्या घरांत पाच दिवसांत ११ जणांना जुलाब झाले. व्हॉल्व्हजवळ गळती आहे. आज दुरुस्ती, टाकी धुणं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण वाढवणं आणि शेवटच्या नळाला रोज ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघायची), एवढं हवं.’ यात नाव नसल्यामुळं काय अडलं? जलसुरक्षकाला व्हॉल्व्ह कुठला हे कळलं, काम झालं. उलट नावं दिली असती तर चर्चा नावांची झाली असती आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला असता. हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे.

शाळेला ‘तिसरीतल्या एका मुलाला गोवर आहे’ एवढंही सांगू नका, दोन बाकं रिकामी असतात आणि पालक हिशेब लावतात. ‘शाळेत येणाऱ्या सर्व मुलांची लसीची कार्डं उद्या तपासणार, पुरळ-ताप असलेल्या मुलाला घरी ठेवा’ हे सांगा. वर्गशिक्षकांना त्या मुलाच्या घरच्यांना विचारून, गरज असेल तेवढंच.

पत्रकारांना आकडा द्या, पण छोट्या आकड्यापासून सावध राहा. ‘अमुक वाडी, ६२ वर्षांची महिला, मुंबईहून परतलेली’ यात नाव कुठंच नाही. चाळीस घरांच्या वाडीत मात्र ते नावच आहे. वय, लिंग, वाडी, प्रवास या चारांपैकी एकच बाहेर जाऊ द्या. वाडीत पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा गावाचा किंवा तालुक्याचा सांगा. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण इस्लामपुरात सापडले, तेव्हा बातमीत नाव असो-नसो, लोकांना घर शोधायला वेळ लागला नाही. त्या घराबद्दल मी इथं आणखी एक अक्षर लिहिणार नाही.

सहावी पायरी: दारात गेल्यावर

अंगणातून नाव पुकारू नका. ओट्यापाशी जा, घरातल्या कुणालाही हाक मारा, ‘मावशी, पाणी द्या जरा’ म्हणत टेका आणि मग ज्याच्याशी बोलायचं त्याला बाजूला घ्या. रिपोर्ट ज्याचा त्यालाच. लहान मूल असेल तर आईबापाला. सुनेचा रिपोर्ट सासूला सांगून यायचं नाही, मग सासू कितीही मायेची असो.

एकाच घरात शिरून बाहेर पडलात की गल्लीनं ते घर टिपलंच. म्हणून डाव्या-उजव्या हाताची आणि समोरची घरंही करा: पाण्याची भांडी बघा, ओआरएस द्या, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटा, ताप आहे का विचारा. साथीच्या दृष्टीनंही तेच करायचं असतं, शेजारी नवा रुग्ण सापडतो. एका फेरीत दोन्ही साधतं. गाडी दारात न लावता चौकात लावा.

संपर्कातल्या माणसांशी बोलताना पहिल्या रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. संवाद साधारण असा होतो:

‘दादा, गेल्या आठवड्यात तुम्ही एका आजारी माणसाच्या जवळ होता असं दिसतंय. तुमची तपासणी करून घेऊ.’

‘कोण ते? आमच्या चुलत्याचं पोरगं का?’

‘ते मी सांगणार नाही. उद्या तुमचं काही निघालं, तर तुमचंही कुणाला सांगणार नाही.’

हे दुसरं वाक्य जरूर बोला. ते ऐकल्यावर माणूस सैल पडतो आणि स्वतःहून आणखी दोन नावं सांगतो, हा माझा अनुभव आहे.

माणसं लपतात ती आजाराला भिऊन कमी, आणि यादीला भिऊन जास्त. हे आजचं नाही. १८९७ च्या प्लेगात, ज्या वर्षी साथरोग कायदा आला त्याच वर्षी, रुग्ण सापडला की उचलून नेतात या धास्तीनं घरच्यांनी आजारी माणसं लपवली. त्याच साथीत आपल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ ला गेल्या. दारात कोण आलं आहे आणि कशासाठी, यावर दार उघडणं अवलंबून असतं. २०२० मध्ये घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर कागद लागले. सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या दारावर असा कागद लावता येणार नाही. तोवर आमच्या भागातल्या कित्येक दारांवरचे कागद फाटून डिंकाचे डाग तेवढे उरले होते.

सातवी पायरी: फोन आणि व्हॉट्सॲप

हातातली वही फार तर दहा जण बघतात, फोटो अख्खा तालुका बघतो. यादीचा फोटो काढायचा नाही, ही सवय सगळ्या पथकाला पहिल्याच दिवशी लावा. आशाताईला तिच्या भागातलीच नावं द्या, अख्ख्या गावाची नकोत. शक्यतो तोंडी किंवा तिच्या दैनंदिनीत लिहून. फाइल पाठवायचीच असेल तर एका माणसाला, पासवर्ड लावून, आणि पासवर्ड वेगळा फोनवर सांगून. ग्रुपवर बोलायचं तर क्रमांकानं: ‘०१३ ला सलाइन चालू, ०१४ घरी सोडला.’ लॅबमधून रिपोर्टची पीडीएफ ग्रुपवर येऊन पडली, तर टाकणाऱ्याला लगेच फोन करून सगळ्यांसाठी खोडायला लावा आणि कुणी पुढं पाठवलीय का विचारा. संकोच करू नका. आपल्याच माणसाला बोलावं लागतं, पण पुढं पाठवल्यावर परत आणता येत नाही.

आठवी पायरी: कायद्याचं थोडक्यात

कुणी नावं मागितली की तोंडावर सांगता यावं, म्हणून एवढं माहीत हवं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यातलं सातवं कलम साथीत उपचार आणि आरोग्यसेवा देण्यासाठी संमती न घेता माहिती वापरू देतं. उपचार आणि सेवा, हे शब्द नीट वाचा. चौकात वाचून दाखवायची परवानगी त्यात नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती अधिकारात नावं मागणारा अर्ज आला तर त्या कायद्याच्या आठव्या कलमात व्यक्तिगत माहितीला संरक्षण आहे; आकडे मात्र खुशाल आणि वेळेत द्या.

नववी पायरी: साथ ओसरल्यावर

यादी गुंडाळून ठेवायची घाई करू नका. वारलेल्यांची नावं मृत्यूच्या दाखल्याशी, केसपेपरशी, रिपोर्टशी एकेक करून पडताळा. कोरोनात गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा रिपोर्टवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं म्हणून खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. एका बाईंचा नवरा रिपोर्टवर ‘बाळासाहेब’ होता आणि दाखल्यावर त्याचं कागदोपत्री नाव. हाकेच्या नावाचा रकाना त्या वेळी वहीत असता तर त्यांचे पाच फेरे वाचले असते.

किल्लीची यादी कार्यालयाच्या नियमाप्रमाणं ठरलेल्या मुदतीपर्यंत कुलपात. पथकातल्या प्रत्येकाच्या फोनमधल्या प्रती, पेनड्राइव्हवरच्या फाइल, टेबलावरचे छापील कागद एका दिवशी एकत्र बसून नष्ट करा. रद्दीत एकही पान जाऊ देऊ नका. आमच्याकडं रद्दीचा कागद भेळेला जातो, हे लक्षात असू द्या.

आणि नोंद चुकलीच तर व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर बरोबर नोंद, शेजारी सही आणि तारीख. कामाच्या यादीत, पोर्टलवर, प्रयोगशाळेकडं, तिन्ही ठिकाणी तीच दुरुस्ती कळवा. मग ज्याचं नाव चुकून घेतलं त्याच्या घरी स्वतः जा.

त्या संध्याकाळी मळ्यातल्या पोराला ग्रामीण रुग्णालयात पोचवून सलाइन लागल्यावर मी परत गावात आलो. सकाळच्या आनंदा पाटलांना एकट्याला गाठून विचारलं, मी सगळ्यांसमोर चूक सांगितली तर तुम्हाला चालेल का. ते म्हणाले, ‘सांगाच.’ त्यांच्या ओट्यावर बसून, समोरच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, खऱ्या रुग्णाचं नाव न घेता मी सांगितलं की सकाळी आमची वही चुकली, या घरात कुणी आजारी नाही. म्हातारीनं चहा आणला. मी तो बशीत ओतून सावकाश प्यालो, आणि नळावरच्या बायका बघत होत्या तोवर उठलो नाही.